चारच पडला

रविवारी दुपारी दोनला चांदे गावातल्या ओव्हाळांच्या घरापुढं एकामागून एक गाड्या लागायला लागल्या की आबांच्या कपाळाला आठी पडायची, ती संध्याकाळपर्यंत मोडायची नाही. येणारे कोण? तर तिघं. तिघंही हिंजवडीच्या कंपन्यांत, तिघांनीही पस्तिशी गाठलेली, आणि तिघांच्याही खांद्याला फुगलेल्या पिशव्या. त्या पिशव्यांतून काय निघावं? खेळ! पुठ्ठ्याचे पट, लाकडाचे ठोकळे, रंगीत मणी आणि पत्ते. पत्ते तरी साधे बावन्न असावेत की नाही? छे. तीनतीनशे पत्ते, आणि एकेका पत्त्याला प्लॅस्टिकचं झबलं घातलेलं.

"लेकरांना झबली घालायच्या वयात ह्ये पत्त्यांना झबली घालत्यात," आबा बायकोला म्हणायचे.

"पत्ते रडत न्हाईत रातचे," जाईबाई म्हणायची आणि कांदा चिरायला बसायची. तिला ही मंडळी आवडायची. आबांना याचाही राग यायचा.

आणि या सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे आबांचाच मुलगा, अभय. तेहतीस वर्षांचा घोडा. लग्नाचं नाव काढलं की फोन आल्याचं सोंग करणारा, पण रविवारचा खेळ म्हटला की सकाळपासून टेबल पुसणारा. वरच्या हॉलमध्ये त्यानं सहा माणसांचं टेबल घातलं होतं, आणि ते खिडकीकडच्या कोपऱ्यात अडकवावं लागलं होतं, कारण खिडकीखालची खुर्ची आबांची. मणक्याचं दुखणं झाल्यापासून दुपारभर ते तिथंच बसायचे. अभयनं सुरुवातीला विचारून बघितलं, "आबा, रविवारपुरतं खाली बसाल का?"

"घर कुनी बांदलं?" आबांनी विचारलं. विषय संपला. मग अभयनंच स्वतःची खुर्ची आबांच्या पुढ्यात, हातभर अंतरावर लावली. बाकीचे तिघं टेबलाच्या पलीकडं. त्यामुळं झालं असं की सगळा तमाशा आबांना फुकट, आणि तोही पाठीमागच्या बाजूनं.

पहिला तासभर पटावरचे खेळ चालायचे. लाकडाची मेंढरं विकायची आणि विटा घ्यायच्या. आयुष्यात शेळीचं दावं न धरलेली माणसं चार लाकडी मेंढरांवरून हमरीतुमरीवर यायची. जाईबाईनं गरमागरम कांदाभजी आणून ठेवली की शेखर पिशवीतून लाकडी काड्या काढून सगळ्यांना वाटायचा. कशाला? तर पत्त्यांना तेलाचे हात लागू नयेत म्हणून भजी काड्यांनी उचलून खायची! पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा आबांना ठसका लागला होता.

मग पट आवरले जायचे आणि खरा येडेपणा सुरू व्हायचा. त्याला ना पट, ना सोंगट्या. प्रत्येकानं मी अमुक आहे म्हणून सांगायचं आणि दिवसभर तसंच बोलायचं. अभय समोर तीन घड्यांचा पुठ्ठ्याचा पडदा उभा करायचा आणि त्याच्याआड बसून गोष्ट सांगायचा. तुम्ही खिंडीत आलात, समोर राक्षस आहे, काय करता? समोरचे म्हणायचे, मी तलवार काढतो, मी झाडावर चढते. मग वीस तोंडांचा फासा टाकायचा. खेळणाऱ्यांनी आपला फासा उघड्यावर टाकायचा, आणि राक्षसाचा फासा अभयनं पडद्याआड. आकडा जितका मोठा, वार तितका जबर. वीस पडला की ज्याच्यावर वार त्याचा खेळ खलास.

कोण काय होतं ते ऐका. शेखर हा मांत्रिक. बोलणं असं की जणू सगळी विद्या यानंच कोळून प्यालीय, आणि पुढ्यात कायम लॅपटॉप, त्यात खेळाचे सगळे आकडे. शाइस्ता ही पौडची. वडलांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान, घर असं खानदानी की तिचे वडील दिसले तर आबा उठून उभे राहायचे, आणि ही पोर इथं येऊन चोरटी व्हायची. "मी त्याचा खिसा कापते," म्हणायची, आणि वर खदाखदा हसायची. आणि तिसरा प्रमोद. आबांच्या मते सगळ्यांत कुचकामी. काडीपैलवान, दोन जिने चढला की धाप लागायची, आणि हा बाबा म्हणे वीरभद्र! सात फूट उंच, हातात घण, एका घावात कडा फोडणारा.

"सात फूट," आबा जाईबाईला म्हणायचे. "सोताच्या गाडीचं चाक बदलता येत न्हाई त्येला. मागं आपल्या दारात पंक्चर झाली तवा म्याच बदललं."

आता आबा म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. अठरा वर्षं गावचे पोलीस पाटील. विहारात रविवारी सकाळी वंदना तेच सांगणार, पंचशील तेच म्हणणार, आणि चौथ्या शीलाला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाला, आवाज असा चढवणार की मागं बसलेल्या चारदोन माणसांनी खाली बघावं. गावात काही वाद झाला की लोक म्हणायचे, आबाला इचारा, आबा म्हणंल ते खरं.

हा मान त्यांना फुकट मिळाला नव्हता. चोवीस वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ भागूजी आणि शेजारचा रानवाला यांच्यात पाण्याच्या पाळीवरून जुंपली आणि भागूजीनं त्याच्या डोक्यात दांडकं घातलं. माणूस वाचला, पण एका कानानं कायमचा गेला. केस उभी राहिली. भागूजी म्हणत होता, आधी कोयता त्यानं उगारला. असेलही. पण आबा वळणावरून पुढं आले तेव्हा त्यांना दिसलं ते दांडकं. साक्षीच्या आदल्या दिवशी भागूजीनं पाय धरले. "दादा, खोटं नगं बोलू. नुसतं म्हन, लांब व्हतो, दिसलं न्हाई." आबा दुसऱ्या दिवशी उभे राहिले आणि जे दिसलं ते सांगून मोकळे झाले. भागूजीला दोन वर्षं झाली. सुटल्यावर तो ताम्हिणीला जाऊन राहिला, धाब्यावर कामाला लागला, आणि ओव्हाळांच्या उंबऱ्याला त्यानं परत पाय लावला नाही.

जाईबाई या घरात सून म्हणून आली तेव्हा भागूजी सात वर्षांचा होता. त्याच्या डोक्याला तेल तिनं लावलं, त्याला शाळेत तिनं धाडलं. साक्षीच्या दिवशी ती जेवली नाही, आणि त्यानंतर या विषयावर तिनं कधी तोंड उघडलं नाही. आबांनी त्याचा अर्थ असा काढला की तिला पटलं.

तर अशा माणसाच्या डोळ्यांपुढं एका रविवारी अभयनं पडद्याआड फासा टाकला. मोतीबिंदू काढल्यापासून आबांची नजर अशी झाली होती की पलीकडच्या टॉवरच्या बाराव्या मजल्यावर कुणाचा टॉवेल वाळतोय ते ते सांगायचे, आणि येईल त्याला सांगायचे. हातभरावरचा फासा त्यांना दिसणार नाही? स्वच्छ सतरा होता. आणि अभय म्हणाला, "सहा. राक्षसाचा वार हुकला. वीरभद्रा, तू वाचलास!"

प्रमोदनं हुश्श केलं. शाइस्तानं टाळी दिली. आबा ताठ बसले. त्या दिवशी त्यांनी नीट लक्ष ठेवलं. मांत्रिकावर फासा पडला की अभय खरा आकडा सांगायचा. चोरटीवर पडला की खरा सांगायचा. वीरभद्रावर मोठा आकडा पडला की मात्र याची जीभ घसरायची.

गाड्या गेल्यावर अभय मोरीपाशी कप विसळत होता. आबा मागं जाऊन उभे राहिले.

"फासा सतरा दावत व्हता. तू सहा म्हनलास."

"हो."

"व्हय म्हनतोस वर? लाज न्हाई वाटत?"

"सतरा म्हटलं असतं तर आधीच घायाळ झालेला वीरभद्र मेला असता, आबा."

"मग मरू दे की! कागदावरचा तर हाय."

"तो मेला की प्रमोदला टेबलावरून उठावं लागेल." शेखरनं सुरुवातीलाच हा नियम करून घेतला होता, सगळ्यांच्या सह्या घेऊन. ज्याचा गडी मेला त्यानं उठायचं, आणि नवी गोष्ट सुरू होईपर्यंत यायचं नाही. नवी गोष्ट म्हणजे सहा-आठ महिने. जोखीम नसेल तर मजा काय, असं शेखरचं म्हणणं.

"उठू दे. घरी बायकोला भाजी निवडू लागंल."

"तुम्हाला नाही कळायचं."

"मला येवढं कळतं, माज्या घरात, माज्या डोळ्यांम्होरं खोटं बोललास. परत दिसलं तर चारचौघांत सांगीन. मी कुनाचा मुलाहिजा ठेवत न्हाई. तुला ठावं हाय."

"ठाऊक आहे," अभय म्हणाला आणि नळ बंद केला. तो ज्या आवाजात म्हणाला तो आवाज आबांना आवडला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी आबा चक्कीत दळण टाकून नांद्याच्या रस्त्यानं परत येत होते. दुपारचे साडेबारा. रस्त्याकडेला करंजाच्या सावलीत एक ओळखीची गाडी उभी. म्हटलं, चाक बसलं वाटतं परत. जवळ जाऊन बघतात तर आत प्रमोद. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचा बिल्ला, मांडीवर उघडा डबा.

आबांनी काचेवर टकटक केलं. प्रमोदचा घास घशातच अडकला.

"हितं काय करतोयस? कंपनी तिकडं ऱ्हायली."

प्रमोदनं आधी हसायचा प्रयत्न केला. मग ते त्याला जमेना. "काढलं, आबा. चार महिने झाले. सत्तर जणांना काढलं एका दिवशी."

"आन् ह्यो बिल्ला?"

"घरातून निघताना घालतो. शुभांगीला अजून सांगितलं नाही. नऊला निघतो, सातला परत जातो. रोज गाडी वेगळ्या ठिकाणी लावतो, कुणी बघू नये म्हणून. फोनवरून मुलाखती देतो." त्यानं डब्याचं झाकण उगाच लावलं आणि परत काढलं. "अभयला माहितीय फक्त. सोमवार ते शनिवार मी कुणाशी धड बोलत नाही, आबा. रविवारी तुमच्याकडं आलो की कुणीतरी विचारतं, वीरभद्रा, आता काय करायचं? तेवढं एक आहे बघा. या, बसा ना. पोळी घ्या."

कीव यायला पाहिजे होती ना? आबांना आला संताप. बाप्या माणूस, आणि बायकोपासून लपून रस्त्याकडेला जेवतोय! "बायकूशी खोटं बोलायचं आन् तिच्याच हातची पोळी खायाची," ते म्हणाले. "लाज वाटू दे." आणि चालू लागले.

वाटेभर त्यांच्या डोक्यात एकच. सगळे लबाड. हा बायकोशी लबाड, तो दोस्तांशी लबाड, आणि लबाडांचा अड्डा माझ्या घरात. पण घरी आल्यावर जाईबाईनं "कोन भेटलं का?" म्हणून विचारलं तर ते "कुनी न्हाई" म्हणाले. का म्हणाले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

रविवार आला. आबांनी सकाळी विहारात चौथं शील नेहमीसारखंच ठणकावून म्हटलं. दुपारी खुर्चीत येऊन बसले. अभय खुर्ची ओढताना एकदा मागं वळला, आबांकडं बघितलं आणि पडदा उभा केला.

त्या दिवशीची गोष्ट खिंडीतली होती. पलीकडं ढग, अलीकडं धबधबे, आणि खिंडीच्या तोंडाशी एकटा राहणारा एक राखणदार. गावानं टाकलेला. "कुणाशी बोलत नाही," अभय सांगत होता. "कानामागं विडी. गळ्यात निळा विणलेला मफलर. तुम्हाला वाट दाखवेल, पण गावात पाऊल टाकणार नाही म्हणतो."

आबांनी मान वर केली. असा मफलर त्यांनी बघितला होता. जाईबाईनं विणला होता तो, एका हिवाळ्यात, भागूजीसाठी. अभय तेव्हा इवलासा होता, काकाच्या खांद्यावर बसून रानात जायचा. च्यायला, या कार्ट्यानं काकाला नेऊन खेळात बसवलाय! आबांना वाटलं उठून जावं. पण उठले नाहीत.

मग राक्षस आला. यायचाच होता. सगळे ओरडायला लागले. मांत्रिकाचा मंत्र फुकट गेला, चोरटी पाय घसरून दरीच्या कडेला लोंबकळली. राक्षस राखणदारावर धावला, आणि प्रमोद खुर्चीतून अर्धा उठून म्हणाला, "मी मध्ये उभा राहतो. घण आडवा धरतो. त्याला हात लावू देणार नाही." त्या वाळक्या पोराचा आवाज असा निघाला की जाईबाई चहा घेऊन दारात आली होती ती तिथंच थांबली.

अभयनं पडद्याआड फासा टाकला. फासा दोनदा उडाला, पडद्याच्या घडीला आपटला आणि थांबला.

वीस.

जाईबाई नेमकी तेव्हा आबांच्या खांद्यावरून वाकून त्यांचा कप खिडकीत ठेवत होती.

"चार," अभय म्हणाला. "हुकला."

"अभय, एक मिनिट," शेखर म्हणाला. "फासा उचलू नकोस."

शेखरनं लॅपटॉप फिरवून सगळ्यांना दिसेल असा ठेवला. "अकरा रविवार झाले. वीरभद्रावर राक्षसांचे त्रेचाळीस वार. पंधराच्या वर आकडा किती वेळा आला? शून्य. माझ्यावर दहादा आला, शाइस्तावर नऊदा. असं होत नसतं, यार. मी आख्खं शीट केलंय."

बघा म्हणजे! अकरा आठवडे हा बाबा खोट्या राक्षसाचे खोटे वार मोजून लिहीत बसला होता.

"असतं एखाद्याचं नशीब," अभय म्हणाला.

"मग दाखव फासा."

"पडद्याआडचं दाखवत नाहीत. नियम आहे."

"खोटं सांगायचा पण नियम आहे का? तो मेला असेल तर मेला. सह्या केल्यात आपण. नाहीतर मग मी कशाला येऊ इतक्या लांब, गंमत बघायला?"

"शेखर, जाऊ दे ना," शाइस्ता म्हणाली. आता ती हसत नव्हती.

प्रमोद अभयकडं बघत होता. त्याला कळत चाललं होतं. इतके रविवार आपण आपल्या जोरावर वाचलो नाही, कुणीतरी आपल्याला वाचवत होतं, हे त्याच्या तोंडावर हळूहळू उतरत होतं. त्याचा हात गळ्याशी गेला, जिथं आठवडाभर बिल्ला असायचा तिथं. त्यानं खुर्ची थोडी मागं सरकवली. अजून एक शब्द कुणी बोललं असतं तर तो उठला असता आणि जिना उतरून गेला असता, परत न येण्यासाठी.

शेखर जागचा हलला नाही. त्यानं उठून चार पावलं टाकली असती तर फासा दिसला असता. पण पडद्याच्या त्या बाजूला खेळणाऱ्यानं जायचं नाही, हा यांचा सगळ्यांत मोठा धर्म. भरल्या घरात दोस्ताला लबाड म्हणायला याची जीभ अडखळली नाही, आणि पुठ्ठ्याला वळसा घालायची छाती नाही! आबांना त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

आणि तेवढ्यात शेखरची नजर त्यांच्यावरच आली.

"आबा आहेत ना मागं," तो म्हणाला. "आबांना टॉवरवरचा टॉवेल दिसतो. आणि आबा खोटं बोलत नाहीत. अभय, तूच सांगितलंयस, सख्ख्या भावाच्या केसमध्ये पण नाही बोलले. आबा, तुम्ही सांगा. काय पडलंय?"

अभयनं मागं वळून बघितलं नाही. आबांना त्याची फक्त मान दिसत होती आणि लाल झालेले कान. लहानपणी मार खायच्या आधी असेच लाल व्हायचे. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. असंच एकदा सगळे गप्प बसले होते, चोवीस वर्षांपूर्वी, आणि अशीच सगळी तोंडं त्यांच्याकडं वळली होती. तेव्हा त्यांना घाम आला नव्हता. आता कानामागनं ओघळ सुटला.

दिसलं न्हाई म्हणावं? पण नजरेची फुशारकी त्यांनी स्वतःच गावभर मिरवली होती. दिसलं न्हाई म्हटलं तर तो शेखर एवढंसं हसेल, आणि त्या हसण्यात सगळ्यांना आकडा कळेल. आता एक तर वीस होता, नाहीतर चार.

"चार," आबा म्हणाले.

"नक्की, आबा?"

"आरं, तुज्या बापाच्या वयाचा हाय मी!" आबा असे गरजले की शाइस्ताच्या हातातली काडी पडली. "चार म्हनलं म्हंजे चार. चारच पडला. येवढी दाढी वाढवलीस, आन् पुट्ट्याच्या राक्षसापायी दोस्ताचा हिशेब मांडून बसलास? दुसरं काम न्हाई तुला? खेळायचं आसंल तर खेळा, न्हाईतर उटा माज्या घरातनं!"

शेखरचं तोंड पार उतरलं. त्यानं लॅपटॉप मिटला. "सॉरी, आबा. तुम्ही म्हणताय म्हटल्यावर प्रश्नच नाही. सॉरी, अभय."

आणि खरंच प्रश्न राहिला नाही. आबा ओव्हाळांचा शब्द होता तो. प्रमोदनं आबांकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, मग खुर्ची पुढं ओढली. अभयनं तो फासा बोटानं हळूच बाजूला सरकवला, तसाच ठेवला, आणि दुसरा घेतला. "वीरभद्रा," तो म्हणाला, "राक्षस तोल जाऊन पुढं पडलाय. आता काय करायचं?"

पुढं काय झालं त्याकडं आबांचं लक्ष नव्हतं. कुणीतरी कडा फोडला, कुणीतरी ओरडलं, टाळ्या झाल्या. राखणदार वाचला म्हणे. आबा तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत बसले. समोरच्या टॉवरवर पुष्कळ कपडे वाळत होते.

ऊन उतरता उतरता मंडळी निघाली. प्रमोद जाताना आबांच्या पाया पडला. आबांनी पाय मागं घेतले. "घरी सांग जाऊन, आधी," ते त्याला हळूच म्हणाले, आणि त्यानं मान हलवली. अभय त्यांना पोचवायला खाली गेला.

जाईबाई बश्या गोळा करायला आली. पडदा अजून उभाच होता, आणि त्याच्या घडीला टेकून तो फासा. तिनं फासा बघितला. मग आबांकडं बघितलं.

"वीस मला बी वाचता येतंय," ती म्हणाली.

"पोरांचा खेळ हाय गं," आबा म्हणाले. "त्यात काय खरं आन् काय खोटं."

"व्हय. खेळच हाय." तिनं एकेक बशी उचलली, उष्ट्या काड्या एका बशीत घातल्या, बश्या एकावर एक रचल्या. हात थांबले नाहीत. "मी चोवीस वरीस मनाची समजूत घालत आली. म्हनलं, ह्यास्नी खोटं बोलायाच येत न्हाई. जे येतच न्हाई त्येला मानूस काय करनार? भागूला बी मी ह्येच सांगितलं व्हतं, तुरुंगात भेटाया गेली तवा. म्हनलं, दादावर राग नगं धरू, त्येला येतच न्हाई."

आबांनी खिडकीतला आपला कप उचलून तिच्यापुढं धरला.

"म्हंजे येत व्हतं तुमाला," जाईबाई म्हणाली, आणि बश्या घेऊन आत गेली.